समुद्रकाठचा रानकोबी आणि त्याचे चित्रकार

मोहरी, मुळा, अळीव, नवलकोल, फुलकोबी आणि पानकोबी ही सर्व मंडळी आपल्या स्वयंपाकघरात नित्य वावरतात. परंतु ती एकाच घराण्यातील आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वनस्पतिशास्त्रात या घराण्यास मोहरी कुल म्हणतात आणि त्यात सुमारे ४००० जाती मोडतात. ओळखीची खूण सोपी आहे. फुलास चार पाकळ्या, त्याही फुलीच्या आकारात समोरासमोर. आत सहा पुंकेसर, त्यांपैकी चार लांब व दोन आखूड. आणि पुढे धरते ती शेंग. शेतात मुळा फुलावर आला, त्यास डिंगऱ्या लागल्या, की हा सारा संसार उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. मोहरीचा झणका, मुळ्याचा उग्र दर्प आणि बाळंतिणीसाठी केलेल्या लाडवांतील अळिवाची किंचित चरचर या तिन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे होतात. किड्यामुंग्यांपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पतीने बाळगलेले ते शस्त्र आहे. माणसाने त्याचीच फोडणी केली.

या घराण्यातील काही शाखा मात्र शेतात वाढलेल्या नाहीत. त्या समुद्राच्या काठी, खाऱ्या वाऱ्यात आणि कड्यांच्या फटींत वाढल्या. त्यांचा इतिहास आणि त्यांची चित्रे काढणाऱ्यांचा इतिहास हे दोन विषय एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाविना दुसरा सांगता येत नाही. तापीकाठी राहणाऱ्या आपणा मंडळींना समुद्र दूरचा वाटेल. परंतु आपली तापी सुरतेपाशी समुद्रासच मिळते आणि बऱ्हाणपूरचे कापड एके काळी त्याच वाटेने जगात गेले. तेव्हा समुद्राची गोष्ट आपल्यास अगदीच परकी नाही.

प्रथम कोबीकडे वळू. इंग्लंड, फ्रान्स आणि उत्तर स्पेन यांच्या किनाऱ्यांवर चुनखडीचे उंच कडे आहेत. तेथे एक दांडगे, निळसर हिरव्या पानांचे झुडूप उगवते. पाने जाड, मेणचट आणि गुळगुळीत. गड्डा मुळीच नाही. उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचे तुरे येतात. हाच तो रानकोबी. जेथे माती थोडी, मीठ फार आणि वारा अखंड, तेथे इतर गवतझाडे टिकत नाहीत. हे झुडूप जाड पानांत पाणी आणि अन्न साठवून टिकते. सुपीक जमिनीत इतर झाडांशी झोंबी घेण्याचे बळ त्याच्या अंगी नाही, म्हणून त्याने कड्याचा आश्रय घेतला असे म्हणणे वावगे ठरणार नाही. माणसाने याच जातीची पाने मिटवून पानकोबी केला, फुलोरा फुगवून फुलकोबी केला आणि खोड गोल करून नवलकोल केला. तिन्ही रूपे भिन्न, पण जात एक.

त्याच्या शेजारी वाळू-गोट्यांच्या किनाऱ्यावर दुसरी एक वनस्पती आढळते. इंग्रज तिला सी-केल म्हणतात. तिचे कोवळे कोंब गोट्यांखाली झाकून पांढरे केले की भाजी होते, ही किनाऱ्यावरच्या लोकांची जुनी रीत. तिसरी वनस्पती चमच्यासारख्या पानांची. दीर्घ सागरप्रवासात ताजा भाजीपाला न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत. त्या रोगाचे नाव स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाचे ज्ञान होण्यापूर्वी शतकानुशतके खलाशी ही पाने खाऊन बरे होत आणि त्यामुळे तिला स्कर्व्हीचे गवत हेच नाव पडले.

आपल्या कोकणकिनाऱ्यावर मात्र या कुळाची अशी रानटी मंडळी दिसत नाहीत. हे घराणे मुळात थंड व समशीतोष्ण प्रदेशांचे; उष्ण, दमट किनाऱ्यांवर ते रमत नाही. म्हणून कोबी आपल्याकडे आला तो पाहुणा म्हणून, आणि आला तोही समुद्रमार्गेच. आपला ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘कोव्ह’ या शब्दावरून आलेला आहे. बटाटा आणि पाव यांच्याबरोबर तो मराठीत उतरला आणि इतका मुरला की आज चातुर्मासातील सोवळे स्वयंपाकघर सोडले तर त्यास कोठेही मज्जाव नाही.

आता चित्रांकडे येऊ. एका देशातील वैद्याने वर्णिलेली वनस्पती दुसऱ्या देशातील वैद्यास ओळखता यावी, यासाठी शब्द पुरे पडत नाहीत. ‘पान मोठे, फूल पिवळे, चव तिखट’ एवढ्यावर मोहरी कुलातील शेकडो वनस्पती बसतात. हस्तलिखितांच्या काळात चित्रे असत, पण एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होत होत पानाचा आकार पार बदलून जाई. छपाईमुळे प्रथमच एकच चित्र शेकडो वाचकांसमोर जसेच्या तसे जाऊ लागले. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने आपला वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची लाकडी ठशांची चित्रे असून कोबीचे काही प्रकारही आहेत. चित्रकाराने स्वतःच्या लहरीने सजावट करू नये, छायेच्या खेळात वनस्पतीचा खरा आकार बुडवू नये, असा फुक्सचा कटाक्ष होता.

परंतु आमच्या दृष्टीने या ग्रंथाचा खरा थोरपणा त्याच्या अखेरच्या पानांत आहे. तेथे तीन माणसांची छायाचित्रासारखी हुबेहूब व्यक्तिचित्रे छापली आहेत: वनस्पती समोर ठेवून चित्र काढणारा अल्ब्रेख्ट मायर, ते चित्र लाकडावर उतरविणारा हाइनरिख फ्यूलमाउरर आणि लाकूड कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेक्ले. तिघांची नावे, तिघांचे चेहरे. ग्रंथकर्त्याने जणू सांगितले की ही साक्ष माझ्या एकट्याची नाही. ज्यांनी पाहिले, ज्यांनी कोरले, ते हे पाहा.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे राज्य शासनाच्या सेवेत घालविली. कागदाचे मोल काय असते हे त्या चाकरीत शिकावयास मिळते. पटवाऱ्याचा नकाशा असो, खसरा असो वा पंचनामा असो. त्यावर तारीख, ठिकाण आणि सही नसेल तर तो कागद कितीही सुबक असला तरी साक्षीस उभा राहत नाही. वनस्पतीचे चित्र हाही एक पंचनामाच आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, ही वनस्पती अशी होती, असे सांगणारा. मग त्यावर सही कोणाची, हा प्रश्न गौण कसा मानावा?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एकदा गमतीदार रीतीने सुटला. १७९० ते १८१४ या काळात ‘इंग्लिश बॉटनी’ नावाची ३६ खंडांची माला निघाली. त्यात किनाऱ्यावरचा रानकोबी आहे, सी-केल आहे. चित्रे जेम्स सॉवर्बीची, मजकूर जेम्स एडवर्ड स्मिथ या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाचा. आरंभीच्या खंडांवर स्मिथचे नाव नव्हते आणि लोकांनी त्या मालेस ‘सॉवर्बीची बॉटनी’ म्हणावयास सुरुवात केली. पुढे स्मिथचे नाव आले, तरी लोकांच्या तोंडी बसलेले नाव काही सुटले नाही. चित्रकारापुढे विद्वान मागे पडल्याचे असे उदाहरण विरळाच.

या साऱ्या समुद्रकाठच्या कोबीवर्गीयांत सर्वांत अद्भुत वनस्पती आहे ती आपल्याच हिंदी महासागरात. मात्र पार दक्षिणेस, केर्गेलेन नावाच्या ओसाड, वादळी बेटावर. कॅप्टन कुकची जहाजे १७७६ च्या डिसेंबरात तेथे पोहोचली, तेव्हा जहाजावरील वैद्य विल्यम अँडरसन यास कोबीसारख्या मोठ्या गड्ड्याची एक वनस्पती आढळली. स्कर्व्हीवर ती गुणकारी ठरावी म्हणून त्याने सर जॉन प्रिंगल या वैद्यकशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला प्रिंगलिया म्हटले. पुढे १८४० साली जोसेफ डाल्टन हूकर हा तरुण वैद्य दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेबरोबर त्या बेटावर उतरला. जहाजावरील लोकांनी ही भाजी पुष्कळ दिवस खाल्ली. हूकरने तिचा बारकाईने अभ्यास केला. तिच्या बहुतेक फुलांना पाकळ्याच नसतात. त्या बेटावरील वाऱ्यात उडणारे कीटक टिकत नाहीत. तेथील माश्यासुद्धा पंखहीन झाल्या आहेत. मग पाकळ्यांची आरास मांडायची कोणासाठी? परागवहनाचे काम वाऱ्यानेच पत्करले. घराण्याची ओळख असलेली चार पाकळ्यांची फुली या वनस्पतीने टाकून दिली.

हूकरच्या दक्षिण ध्रुवीय वनस्पतींच्या ग्रंथात, जो १८४४ ते १८४७ या काळात निघाला, प्रिंगलियाची चित्रे आहेत. ती वॉल्टर हूड फिच याची. हा फिच मूळचा ग्लासगोचा. त्याची उमेदवारी झाली ती कापड छापण्याच्या कारखान्यात, छिटांचे नक्षीनमुने काढण्यात. तेथून हूकरच्या वडिलांनी, म्हणजे सर विल्यम हूकर यांनी त्यास उचलले आणि पुढे क्यूच्या उद्यानात आणले. त्याने आयुष्यात नऊ हजारांहून अधिक प्रसिद्ध चित्रे काढली. कापडावर फुले काढणारा हात शास्त्राच्या कामी आला, ही गोष्ट छिटांसाठी प्रसिद्ध असलेल्या बऱ्हाणपूरच्या वाचकांनी मनात जपून ठेवावी. तिच्याकडे आपणास पुन्हा यावयाचे आहे.

१८७४ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी गेलेल्या इंग्रज मोहिमेने केर्गेलेनवर ससे सोडले. सशांनी बेट व्यापले आणि मुख्य बेटावरील प्रिंगलियाची रया गेली. फिचचे चित्र सशांच्या पूर्वीचे आहे. जे पुढे विरळ झाले त्याचा तो दाखला आहे.

युरोपातील रानकोबीच्या बाबतीतही चित्राचे मोल असेच निराळ्या रीतीने सिद्ध झाले. अटलांटिक किनाऱ्यावरील कड्यांचा रानकोबी हाच आपल्या पानकोबीचा पूर्वज, असे फार काळ मानले जाई. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले: लागवडीच्या कोबीचा सर्वांत जवळचा रानटी सोयरा भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, ग्रीसच्या क्रीट बेटाच्या नावाने ओळखली जाणारी जात हा आहे; आणि अटलांटिकच्या कड्यांवरील कोबी हा बहुधा जुन्या मळ्यांतून निसटून रानटी झालेला असावा. ज्यास आजोबा समजत होतो तो घर सोडून गेलेला नातू निघाला! पण सॉवर्बीच्या चित्रास याची काही बाधा नाही. त्याने पूर्वज रेखाटला नव्हता, समोरची वनस्पती रेखाटली होती. उपपत्ती बदलते, प्रामाणिकपणे पाहिलेले बदलत नाही.

एवढे सांगितल्यावर आपल्याकडे काय घडले हे पाहणे प्राप्त आहे. पाहून काढण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. १६२० साली जहांगीर बादशहा काश्मिरात गेला असता उस्ताद मन्सूर याने तेथील शंभराहून अधिक फुले चितारली, असे बादशहाने स्वतः आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. त्यांपैकी फारच थोडी चित्रे आज हाती आहेत. परंतु बादशहाने नाव लिहून ठेवल्यामुळे मन्सूर उरला.

त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांनी कोचीन येथे डच सुभेदार व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड आम्स्टरडॅम येथे छापले गेले आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अपुभट या तीन वैद्यांचे निवेदन नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेले आहे. त्यावर २० एप्रिल १६७५ ही तारीख आहे. हे तिघे सारस्वत. त्यांचा समाज गोव्याकडून उठून कोचीनला जाऊन वसलेला. मूळ गाव सोडून परमुलखात स्थिरावलेल्या घराण्यांची कथा आपणास निराळी सांगावयास नको. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे निवेदनही त्याच ग्रंथात आहे. तीन शतके उलटून गेली, पण या चौघांचे नाव पुसले गेले नाही, कारण त्यांनी सही केली आणि छापणाऱ्याने ती छापली.

आता महाराष्ट्रात येऊ. पुण्याजवळ दापोडी येथे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या कवायती फौजेचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला होता. पेशवाई गेल्यावर ती जागा मुंबईच्या गव्हर्नरच्या वापरात आली आणि १८२८ साली सर जॉन माल्कम याने तेथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केले. १८३८ च्या सुमारास त्याची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे आली. हाच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६१ साली डाल्झेल याच्यासह त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने उद्यानातील देशी व परदेशी वनस्पतींची चित्रे एका चित्रकाराकडून काढवून घेतली. अशी दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात सुरक्षित आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ साली त्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला, तेव्हा जगास त्यांचा परिचय झाला.

या चित्रकाराविषयी एवढीच नोंद आहे की तो पोर्तुगीज-भारतीय होता. नाव नाही. गिब्सनचे नाव आहे, गव्हर्नरांची नावे आहेत, ज्या वंशांच्या आणि जातींच्या वनस्पती चितारल्या त्यांची लॅटिन नावे आहेत. ज्याने त्या पानापानांवर डोळे ताणले, त्याच्या नावाची जागा रिकामी आहे.

हा काळाचाच दोष असे म्हणून सोडून देता येत नाही. कारण त्याच वर्षांत मद्रासेकडे रॉबर्ट वाइट याने आपल्या ग्रंथांसाठी रंगय्या आणि गोविंदू या तेलुगू चित्रकारांकडून काम करून घेतले, त्यांची नावे नोंदविली आणि एका ऑर्किडच्या वंशास गोविंदूचे नाव दिले. याउलट दार्जिलिंगला कॅथकार्ट नावाच्या अधिकाऱ्याने हिंदी चित्रकारांकडून हिमालयातील वनस्पतींची चित्रे काढविली. हूकरने ती १८५५ साली ग्रंथरूपाने आणली, त्यासाठी फिचने ती दगडावर पुन्हा उतरविली. ग्रंथावर फिचचे नाव आहे. मूळ चित्रे काढणारे ‘देशी चित्रकार’ एवढ्याच शब्दांत उरले. तात्पर्य, त्या काळी नाव लिहिण्याची रीत होती आणि न लिहिण्याचीही होती. लिहिणे न लिहिणे हे वरच्या माणसाच्या मनावर होते.

आता बऱ्हाणपूरकडे परत येऊ. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या गावावरून गेला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, त्यांतील काहींवर रंगीत फुले असतात आणि त्यांच्या ओढण्या करतात, असे त्याने लिहून ठेवले. शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर रंगविलेल्या फुलवेलींचे अवशेष आजही दिसतात. छिटांवरील फुले ग्लासगोच्या एका पोराने काढली आणि त्याचे नाव वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात गेले. बऱ्हाणपूरच्या छिटांवर फुले काढणारे हात त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. त्यांपैकी एकाचेही नाव तावेर्नियेने विचारले नाही, आणि आपणही विचारले नाही.

हा दुसरा भाग आम्हांस अधिक बोचतो. परकीयांनी आपली नावे लिहिली नाहीत हे गाऱ्हाणे रास्त आहे. परंतु आपण तरी कोठे लिहितो? १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांच्या ताब्यात आले आणि त्या राजवटीच्या आगेमागे आपली कित्येक घराणी येथे येऊन स्थिरावली. अशा घरांतून औषधींचे बाड असते, त्यात पानाफुलांच्या आकृत्या असतात. देव्हाऱ्याच्या भिंतीवर चित्रे असतात. भरतकामाचे रुमाल आणि रांगोळीच्या वह्या असतात. ‘आजीच्या हातचे आहे’ एवढे आपण सांगतो. आजीचे नाव काय, माहेर कोठले, वर्ष कोणते, हे तिच्या नातवंडांपैकी किती जणांना सांगता येईल? आणखी एक पिढी गेली की ‘आजीच्या हातचे’ हेही शब्द जातील आणि दापोडीच्या चित्रांसारखे केवळ सुंदर कागद उरतील.

वनस्पती नाव नसले तरी पुन्हा उगवते. कड्यावरचा रानकोबी पूर्वज की पळालेला वंशज, हे चारशे वर्षांनंतरही जनुकांवरून शोधता आले. माणसाच्या हातच्या कामास तशी सोय नाही; तेथे लिहिलेले तेवढेच उरते. म्हणून आमची विनंती लहानशीच आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते बाहेर काढावे, जाणत्या वडीलधाऱ्यांस विचारून कोणी केले, कोठे केले, केव्हा केले हे एका कागदावर लिहून त्यासोबत ठेवावे, आणि त्याची एक प्रत आपल्या मंडळाकडे द्यावी. चित्राच्या मागे लिहावयाचे झाल्यास पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे. शाई कागदाच्या पलीकडे उतरते.